तासांसोबत फेऱ्याही मोजा
गडचिरोलीत निवडणुकीची पथकं पोचवताना हेलिकॉप्टर अहेरी-भामरागड अशा छोट्या फेऱ्या मारतं. संध्याकाळी लॉगबुकात तास थोडेच दिसतात, पण चढ-उतार मात्र सात-आठदा झालेली असते. बंडीचा आस कोसांपेक्षा खड्ड्यांनी मोडतो, तसंच हेलिकॉप्टरच्या भागांचंही. काही बेल हेलिकॉप्टरांत मास्टचं, म्हणजे वरचा पंखा फिरवणाऱ्या उभ्या दांड्याचं, आयुष्य तासांसोबत टेकऑफ अन् लटकतं ओझं उचलण्याच्या मोजणीवरही ठरतं. इंजिनच्या डिस्कसाठी, म्हणजे आतल्या फिरत्या चकत्यांसाठी, इंजिन किती वेळा सुरू झालं ते मोजतात. म्हणून प्रत्येक फेरीची रेघ पायलटकडून तिथल्या तिथे कागदावर ओढून घ्या, रात्री आठवून नको. भाग दुसऱ्या हेलिकॉप्टरवर चढला तर त्याच्या नोंदींचं कार्डही सोबत जाऊ द्या. तासांची किंवा मोजणीची, जी मर्यादा आधी भरेल तिथे भाग उतरवायचा, कितीही चकचकीत दिसला तरी.