कुळागरात ठिबकमधून खत देताय? या चुका टाळा

गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) मिश्र बागांत, आता पाटाच्या जोडीला ठिबकच्या नळ्याही दिसतात. पोफळीखाली केळी, खोडावर मिरी, मधे जायफळ अशी दाटी असली की खत पाण्यातून देणं सोयीचंच. पण पोफळ पिवळी पडली की आपण लगेच खत वाढवतो, आणि तिथेच चुकतं. बहुतेकदा खत कमी पडलेलं नसतं. ते मुळांपर्यंत पोचलेलं नसतं किंवा मुळांच्या खाली निघून गेलेलं असतं.

सगळ्यात महाग चूक वेळेची. पंप चालू करतानाच खत सोडायचं आणि मग तासन्‌तास पाणी चालू ठेवायचं, असं केलं की मागून येणारं पाणी नत्राला (नायट्रोजनला) जांभ्या मातीतून खाली ढकलतं. आधी नुसतं पाणी सोडा, दाब स्थिर होऊ द्या. पाळी संपत आली की खत सोडा आणि शेवटी नळ्या धुतल्या जातील एवढंच साधं पाणी. पावसाळ्यात तर ठिबकमधून खत देणं म्हणजे ओहोळाला देणं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नोव्हेंबर ते मे हाच खरा हंगाम.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. मोठ्या पोफळीला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस), १४० ग्रॅम पालाश (पोटॅश) ही शिफारस. १०० ग्रॅम नत्र म्हणजे साधारण २१७ ग्रॅम युरिया. सात महिने दर पंधरवड्याला दिला तर एका वेळी झाडामागे १५ ग्रॅमच्या आसपास येतो. केळीचं खत यात धरू नका. ती पालाश भरपूर ओढते, तिचा हिशोब वेगळा मांडा.

स्फुरद मात्र नळीतून देण्याचा अट्टहास मला पटत नाही. आपल्या आम्लधर्मी मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतं, म्हणून ते कंपोस्टबरोबर आळ्यात घालावं. नळीतून द्यायचंच तर कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरद किंवा सल्फेट असलेलं खत एका टाकीत कधीही मिसळू नका. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर, म्हणजे ठिबकची तोंडं, बुजतात. शंका असेल तर तीच खतं त्याच प्रमाणात, त्याच पाण्यात, काचेच्या बाटलीत कालवून तासभर ठेवून पाहा. लाल पोटॅशही नको, पांढरं घ्या.

विहिरीचं पाणी उपसल्यावर तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे. ते टाकीत पसरून पडू द्या, हवा लागली की गाळ खाली बसतो. वरचं पाणीच फिल्टरकडे न्या. फिल्टर खताच्या जोडणीनंतर हवा, आधी नव्हे.

उतारावरच्या कुळागरात खालच्या झाडांना जास्त आणि वरच्यांना कमी मिळतं. वरच्या आणि खालच्या ड्रिपरखाली डबे ठेवून पाच मिनिटांचं पाणी मोजा. फरक मोठा असेल तर दाब सांभाळणारे ड्रिपर बसवा. डोंगरातल्या झरीचं पाणी नुसत्या उताराने येत असेल तर दाब अपुरा पडून व्हेंचुरी (पाण्याच्या दाबावर खत ओढणारं साधन) खत ओढत नाही. यंत्र बिघडलं असं समजून नवं घेऊ नका, छोटा इंजेक्शन पंप लावा.

पिवळेपणाचंही नीट पाहा. जुनी झावळं सगळीच फिकी पडली तर नत्राची शंका घ्या, कडा करपत असतील तर पालाशची. पण आळ्यात पाणी साचून मुळं कुजली असतील तर कुठलंही खत उपयोगाचं नाही, आधी चर काढा. युरियाने ड्रिपरखालची माती आणखी आंबट होते, म्हणून तिथला नमुना आणि दोन ओळींमधला नमुना वेगवेगळा तपासून घ्या आणि गरज असेल तिथे चुना किंवा डोलोमाइट घाला.

आणि एक गोष्ट आजच पाहा. पंप बंद पडला की नळीतलं पाणी मागे फिरतं आणि खत विहिरीत उतरू शकतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं असतं. पाणी मागे फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसलेला नसेल तर तो बसेपर्यंत खत सोडू नका.