बिल्बाओच्या गुगेनहाइमला जाण्याआधी

पहिलं काम, वार बघणं. स्पेनमधल्या बिल्बाओचं हे कलासंग्रहालय एरवी सोमवारी बंद असतं, आणि बिल्बाओला एकच दिवस राखून ठेवणारे नेमके सोमवारी दारात उभे राहतात. ऐन उन्हाळ्यात हा नियम शिथिल होतो, वेळाही बदलतात, म्हणून रेल्वेचं किंवा विमानाचं आरक्षण करण्याआधी संकेतस्थळावर त्या तारखेची वेळ तपासा. तिकीटही तिथूनच, प्रवेशाची वेळ निवडून काढा. दार उघडतानाची वेळ शिल्लक असेल तर दुसरी बघूच नका. का, ते पुढे येईल.

मे किंवा ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर आणखी एक चौकशी हवी. दारासमोरचा शिल्पकार जेफ कून्सचा फुलांचा कुत्रा, ‘पपी’, साधारण १२ मीटर उंच आहे. त्याच्या अंगावरची सुमारे ३८,००० रोपं वर्षातून दोनदा, याच दोन महिन्यांत बदलतात. ते काम चालू असताना काही दिवस तो परांचीच्या आड असतो. मुलांना त्याचंच आमिष दाखवून नेत असाल तर हे आधीच कळलेलं बरं.

पिशवीत फार काही नको. मोठी पाठपिशवी आणि छत्री सामानघरात जमा करावी लागते, आणि बिल्बाओत पाऊस तर कधीही येतो. तिथल्या भुरभुरीला ‘सिरिमिरी’ म्हणतात. ती छत्रीला जुमानतही नाही. टोपी असलेलं पातळ जाकीट घ्या. बूट न घसरणाऱ्या तळव्यांचे हवेत, कारण अर्धं पाहणं बाहेर, ओल्या फरशीवर होतं. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर लिफ्टची वाट आधी विचारून ठेवा: रस्त्यावरून येणारा रुंद जिना दाराकडे चढत नाही, उतरतो. नदीकाठ शहराच्या रस्त्यापेक्षा सुमारे १६ मीटर खाली आहे आणि वास्तुविशारद फ्रँक गेरींनी इमारत त्या खोलगटात बसवली आहे. त्यामुळे रस्त्यावरून ती आहे त्याहून बुटकी दिसते. कुत्र्यासोबत फोटो काढून तेवढ्यावरच परतणाऱ्यांना इमारत दिसलेलीच नसते.

आत गेल्यावर आधी दालन १०४. सुमारे १३० मीटर लांब, खांब नसलेलं दालन, आणि त्यात शिल्पकार रिचर्ड सेराची पोलादी वळणं, ‘द मॅटर ऑफ टाइम’. लवकरची वेळ घ्यायची ती याच्यासाठी. तिरक्या भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटांत पुढे-मागे माणसं असली की नुसती रांग होते. वाट मोकळी असेल तर आपल्याच पावलांचा आवाज बदलत जातो. भिंती एकदा आत, एकदा बाहेर झुकतात, त्यामुळे तोल गेल्यासारखं वाटतं. चक्कर येणाऱ्यांनी हळू चालावं, नजर जमिनीवर ठेवावी. हात लावू नका: पृष्ठभाग म्हणजे मुद्दाम धरू दिलेला गंज आहे, त्यावर बोटांचे डाग राहतात. नंतर वरच्या सज्जातून हेच पुन्हा बघा. खाली हरवायला लावणारी वाट वरून साधी लंबगोल दिसते.

मग मधला चौक, ५० मीटरहून उंच. त्याला लागून असलेल्या दालनात जेनी होल्झरचे नऊ प्रकाशस्तंभ आहेत. समोरून लाल अक्षरं सरकतात, मागच्या बाजूला निळी. स्तंभांमधून पलीकडे जाता येतं. बरेच जण जात नाहीत. वरच्या मजल्यांवरची प्रदर्शनं बदलती असतात, त्यामुळे तिथे काय आहे ते आदल्या दिवशी वाचून दोनच निवडा. फोटोची परवानगी दालनागणिक वेगळी असू शकते, दारावरची खूण पाहा. आतल्यासाठी तीन तास धरा.

बाहेर नदीच्या अंगाला निदान दीड तास हवा. लुईज बूर्ज्वाची नऊ मीटरची कोळीण, ‘मामान’, लांबून पाहून भागत नाही. पायांमध्ये उभं राहून मान वर केली की पोटाच्या जाळीतली संगमरवरी अंडी दिसतात. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ७३ आरशासारखे गोळे जवळच आहेत. फुजिको नाकायाचं धुक्याचं शिल्प ठरावीक वेळाने, काही मिनिटंच सुटतं. आजची वेळ माहितीकक्षात विचारा. वारा असेल तर धुकं टिकत नाही, तेव्हा एक फेरी हुकली तर दुसरीला थांबा.

इमारतीचा फोटो हवा असेल तर पलीकडच्या काठावर जा. मात्र नदीकडची बाजू उत्तरेला तोंड करून आहे. भर दुपारी सूर्य इमारतीच्या मागे राहतो आणि तिच्यावरचं टायटॅनियमचं आवरण काळवंडलेलं येतं. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. त्याआधीच्या तासाभरात तिरपं ऊन पत्र्यावर पडतं. हिवाळ्यात तो भरवसा नाही, पण ढगाळ दिवसाची धास्ती घेऊ नका. जेमतेम ०.३८ मिलिमीटर जाडीचे सुमारे ३३,००० पत्रे गेरींनी निवडले ते त्यासाठीच: करड्या उजेडात स्टील निर्जीव दिसतं, टायटॅनियमवर सोनेरी झाक येते. म्हणून पाऊस थांबल्या थांबल्या कॅमेरा पुन्हा बाहेर काढा.