जर्मनीतल्या पूर्वजांच्या गावी निघण्यापूर्वी

घरात जर्मन सून किंवा जावई आल्यावर त्यांच्या पणजोबांचे गाव पाहून येण्याचा बेत आता मराठी कुटुंबांतही आखला जातो. अशा प्रवासाची तयारी तिकीट आणि हॉटेल एवढ्यावर भागत नाही, कारण लहान गावातले दफ्तर, दफनभूमी, वस्तुसंग्रहालय आणि पुष्कळदा चर्चसुद्धा आधी कळवून येणाऱ्यालाच नीट पाहायला मिळते. म्हणून पुढील कामांपैकी बरीचशी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, घरबसल्या उरकावीत.

सर्वप्रथम गाव नक्की करावे. नॉयश्टाट किंवा नॉयनकिर्खन या नावांची गावे जर्मनीत अनेक आहेत, आणि १९७०च्या आसपास झालेल्या पुनर्रचनेत पश्चिम जर्मनीतील असंख्य खेडी शेजारच्या मोठ्या गावांत विलीन झाल्यामुळे जुन्या पत्रावरचे नाव आजच्या नकाशावर स्वतंत्रपणे दिसेलच असे नाही. जर्मन साम्राज्याच्या अखेरच्या काळातील मायर यांचा ग्रामकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. गाव कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या नोंदणी कार्यालयाखाली होते, हे त्यात कळते. कुटुंब सायलेशिया, पोमेरेनिया किंवा पूर्व प्रशिया या जुन्या जर्मन प्रांतांतले असेल, तर ते गाव आज बहुधा पोलंडमध्ये आहे, जिथे शेंगेन व्हिसा चालतो; पण कालिनिनग्राडच्या बाजूचे निघाले तर रशियाचा व्हिसा लागतो, आणि बेतच बदलावा लागतो. घराण्याची एखादी शाखा अमेरिकेला गेली असल्यास हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्या अवश्य चाळाव्यात, कारण त्यांत प्रवाशाचे मूळ गाव पुष्कळदा नोंदलेले असते. ब्रेमेनच्या याद्या मात्र बहुतांश नष्ट झाल्या आहेत.

गाव ठरले की नोंदी. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद संपूर्ण जर्मनीत १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा शोध चर्चच्या नोंदवह्यांत घ्यावा लागतो, आणि त्या तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ दरम्यान, अनेक ठिकाणी जळून गेल्या. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश १८७६च्या या तारखेला अपवाद आहे, कारण तिथे फ्रेंच अमलामुळे १७९८ पासूनच नागरी नोंदी सापडतात. प्रोटेस्टंट वह्यांसाठी ‘आर्किऑन’ हे सशुल्क आणि कॅथलिक वह्यांसाठी ‘मात्रिकुला’ हे विनामूल्य संकेतस्थळ आधी धुंडाळावे. घराणे कोणत्या पंथाचे होते हे त्यासाठी अगोदर विचारून ठेवावे. जन्माची नोंद ११० वर्षे, विवाहाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षे सर्वांसाठी खुली नसते, म्हणून अलीकडच्या नोंदीचा अर्ज त्या घरातल्या वंशजानेच आपल्या सहीने आणि नात्याच्या पुराव्यासह करावा. काही गावांची छापील कुटुंबसूची निघालेली असते. आपल्याकडचा कुलवृत्तांत एका घराण्याचा असतो, ही सूची अख्ख्या गावाची. ती मिळाली तर महिन्याचे काम एका दुपारी होते.

जुन्या नोंदी कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत, ही गोष्ट ‘घरात जर्मन येणारे माणूस आहे’ या भरवशावर सोडून देऊ नये. आजच्या तरुण जर्मनांनाही ती सहसा वाचता येत नाही. अक्षरांचा तक्ता छापून घ्यावा आणि निदान आपले आडनाव व गावाचे नाव त्या लिपीत ओळखण्याचा सराव करावा. तिच्यातला ‘ई’ हा ‘एन’सारखा दिसतो, एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

मुक्काम खुद्द गावात करावा की जवळच्या शहरात, याचा विचार करताना बुटेनहाइमचे उदाहरण उपयोगी पडते. जीन्समुळे जगप्रसिद्ध झालेले लेवी स्ट्राउस १८२९ मध्ये फ्रांकेन प्रदेशातल्या या गावी लोएब या नावाने जन्मले आणि १८४७ मध्ये आई व बहिणींबरोबर अमेरिकेला गेले. त्यांच्या जन्मघरात आज संग्रहालय आहे. गाव तासाभरात फिरून होते, परंतु त्या भागातले कागद सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या बांबेर्गमध्ये आहेत, जिथे सरकारी अभिलेखागार आणि महाधर्मप्रांताचे अभिलेखागार अशी दोन्ही दफ्तरे आहेत. देश सोडायला त्या काळी सरकारी परवानगी लागत असल्यामुळे स्थलांतराचे अर्जही अशाच दफ्तरांत शोधावेत. शिवाय बांबेर्गचे जुने शहर १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा ज्यांना वंशावळीत रस नाही त्यांचाही दिवस कॅथीड्रल आणि नदीतल्या नगरभवनात चांगला जातो. माझ्या मते बहुतेक गावांसाठी हीच रीत बरी: मुक्काम दफ्तराच्या शहरात आणि गावाला दिवसभराची फेरी.

दफ्तरखाना, चर्च कार्यालय आणि स्थानिक इतिहास मंडळ यांना जर्मन भाषेत, एका पानात पत्र लिहावे. त्यात पूर्वजाचे नाव, अंदाजे वर्ष, पंथ आणि आपल्या भेटीची तारीख एवढेच असावे; संपूर्ण वंशावळ पाठवू नये, आणि शुल्क किती हे मात्र आवर्जून विचारावे.

वार जपून निवडावा. रविवारी दुकाने बंद, सोमवारी बरीच संग्रहालये बंद, आणि छोट्या गावातले सरकारी कार्यालय आठवड्यातून मोजकेच तास उघडे असते, त्यामुळे मंगळवार ते गुरुवार हा काळ सोयीचा. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. १५ ऑगस्टला बव्हेरियातली कॅथलिकबहुल गावे बंद असतात, तर शेजारच्या राज्यात कामकाज चालू असते. स्मारके आतून पाहायची असतील तर सप्टेंबरचा दुसरा रविवार धरावा, कारण त्या दिवशी देशभर एरवी बंद असलेल्या वास्तू लोकांसाठी उघडतात.

पणजोबांची कबर सापडेल अशी आशा घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवू नये. जर्मनीत कबरीची जागा सामान्यतः वीस ते तीस वर्षांच्या मुदतीने मिळते आणि मुदत वाढवली नाही तर ती दुसऱ्याला दिली जाते. त्याऐवजी चर्चजवळचे युद्धस्मारक पाहावे. १९१४ ते १९१८ मध्ये पडलेल्यांची नावे त्यावर असतात आणि आडनाव तिथे हमखास शोधण्यासारखे असते. ज्यू दफनभूमीतल्या कबरी कायमच्या असतात, पण फाटकाला कुलूप असते. किल्ली कुणाकडे आहे ते नगरपालिकेत आधी विचारावे, शनिवार टाळावा आणि पुरुषांनी डोके झाकायला टोपी न्यावी. फुटपाथवर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसले तर थांबून वाचावेत. नाझी राजवटीने ज्यांना तिथून हाकलले किंवा मारले, त्यांची नावे त्यावर आहेत. १९३३ ते १९४५ या वर्षांचे कागद हाती लागण्याची शक्यता असेल, तर ते पाहायचे की नाहीत हे व्याह्यांनी स्वतः ठरवावे, आपण आग्रह धरू नये.

गावाकडच्या बसगाड्या शाळांच्या सुट्टीत कमी होतात आणि काही मार्गांवर फोन करून बोलवावी लागणारीच बस असते, म्हणून परतीची शेवटची गाडी आदल्या दिवशी तपासावी. देशभरातल्या स्थानिक व प्रादेशिक गाड्यांत चालणारे डॉइचलांड तिकीट घेतल्यास ते दरमहा आपोआप नूतनीकरण होणारे वर्गणीचे तिकीट आहे हे लक्षात ठेवून, चालू महिन्याअखेर ते थांबवायचे असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे. लहान खानावळींसाठी रोख युरो, दगडी रस्त्यांसाठी मजबूत बूट आणि मूळ कागदांऐवजी त्यांच्या प्रती जवळ बाळगाव्यात. दारावरच्या पाटीवर आपल्या सोयऱ्यांचे आडनाव दिसले तरी न कळवता घंटी वाजवू नये. चिठ्ठी आणि ईमेल पत्ता पत्रपेटीत टाकावा. वेळापत्रकात शेवटी अर्धा दिवस रिकामा ठेवावा, कारण दफ्तरातले लोक पुष्कळदा भलत्याच शेजारच्या गावाचे नाव काढून देतात.