बारकोड नंबर टाकताना या चुका टाळा

ऑनलाइन विक्रीच्या साइटवर लिस्टिंग (मालाची नोंद) अपलोड करताना प्रॉडक्ट आयडी, म्हणजे बारकोडचा नंबर, चुकीचा असल्याचा एरर आला, की अनेक जण नवा बारकोड विकत घ्यायला धावतात. आधी शीट तपासा. पुष्कळदा पॅकवरचा नंबर बरोबरच असतो, एक्सेलमध्ये तो बिघडलेला असतो.

१२ अंकी यूपीसी (बारकोड नंबरांचा एक प्रकार) शून्याने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ०३६०००२९१४५२, तर एक्सेल सुरुवातीचं शून्य गाळून टाकतं आणि ११च अंक उरतात. १३ अंकी ईएएन (दुसरा प्रकार) ५.९०१२३ई+१२ असा दिसू लागतो. अशी शीट सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) सेव्ह केली, की शेवटचे अंक कायमचे गेले; मग फॉरमॅट बदलून काही परत येत नाही, पॅक बघून नंबर पुन्हा टाकावा लागतो. म्हणून नंबर पेस्ट करण्याआधीच कॉलम ‘टेक्स्ट’ करा. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडू नका, इम्पोर्ट करा आणि तिथेही तो कॉलम टेक्स्टच ठेवा.

अंकांची संख्या बरोबर असूनही नंबर नाकारला गेला, तर शेवटचा अंक, म्हणजे चेक डिजिट, पडताळा. ५९०१२३४१२३४५७ घ्या. शेवटचा ७ बाजूला ठेवा. डावीकडून विषम स्थानांची बेरीज १७. सम स्थानांची २२, तिची तिप्पट ६६. एकूण ८३, पुढच्या ९०पर्यंत ७ कमी पडतात, म्हणून चेक डिजिट ७. मात्र शेजारच्या दोन अंकांत ५चा फरक असेल (१ आणि ६, २ आणि ७) आणि ते उलटसुलट झाले, तर हा हिशेब चूक पकडत नाही. त्यामुळे नंबर हाताने टाइप करण्यापेक्षा स्कॅन केलेला बरा.

पेटीवरचा १४ अंकी नंबर सुट्या नगाच्या लिस्टिंगला लावू नका. सुट्या नगाच्या नंबराच्या सुरुवातीला नुसता १ जोडूनही पेटीचा नंबर तयार होत नाही, कारण चेक डिजिट नव्याने काढावा लागतो. शून्य जोडलं तर मात्र तो बदलत नाही. १२ अंकी यूपीसीच्या सुरुवातीला शून्य लावलं की तोच १३ अंकी होतो.

एसकेयू हा तुमचा स्वतःचा कोड आहे, तो प्रॉडक्ट आयडीच्या रकान्यात चालत नाही. प्रत्येक साइझला आणि प्रत्येक रंगाला वेगळा जीटीआयएन (यूपीसी, ईएएन अशा सगळ्या नंबरांचं एकत्रित नाव) लागतो. २ने सुरू होणारे १३ अंकी नंबर दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत. ते ऑनलाइन देऊ नका. सुरुवातीच्या तीन अंकांवरून माल कुठे बनला तेही ठरवू नका. कंपनीने नंबर कोणत्या देशाच्या जीएस१ (बारकोड नंबर देणाऱ्या) संस्थेकडून घेतला, एवढंच ते सांगतात.

आता छपाई. ईएएन-१३चा मूळ आकार दोन्हीकडच्या मोकळ्या जागेसह ३७.२९ × २५.९३ मिमी असतो आणि तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. ती मोकळी जागा कापली, तर रेघा स्वच्छ उमटूनही स्कॅनर अडतो. लाल रेघा तर छापूच नका: बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असल्याने त्या त्याला पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत.