डावीकडची कोशिंबीर ताटाच्या मधोमध

खाद्यलेखन नव्याने सुरू करणाऱ्या तीन-चार जणींनी मला अलीकडे एकच प्रश्न विचारला: फूड ब्लॉगर लोकांच्या परिषदेला पैसे भरून जावे का? मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गेली दोन वर्षे सवडीने मराठीत पाककृती लिहिते. मागच्या हिवाळ्यात विश्रामबाग भागातील एका सभागृहात अशी दोन दिवसांची परिषद झाली, तिला मी गेले होते. तेथील अनुभव सविस्तर सांगितला म्हणजे जायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

पहिल्या दिवसाची बहुतेक भाषणे वाचकसंख्या कशी वाढवावी याभोवती फिरत होती. त्यांतली निम्मी घरी बसूनही समजली असती, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. उपयोगाची ठरली ती संध्याकाळी ठेवलेली अदलाबदल. प्रत्येकाने आपली एक पाककृती कागदावर लिहून, लागणाऱ्या साहित्याच्या डब्यासह, चिठ्ठीने ठरलेल्या जोडीदाराला द्यायची. जोडीदाराने घरी जाऊन काय पूर्वतयारी करायची ती करावी आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर, लेखकाला एकही प्रश्न न विचारता, तो पदार्थ करून दाखवावा. विषय सर्वांना सारखाच होता: एका माणसाचे पूर्ण जेवण होईल असे आणि वर पनीर किंवा चीज असलेले सॅलड. ज्यांना तो नको होता त्यांना दुसरा कोणताही पदार्थ लिहिण्याची मुभा होती.

विषय वाटतो तितका सोपा नाही. आपल्या ताटात कोशिंबीर डावीकडे, मीठ, लिंबू आणि चटणीच्या शेजारी वाढतात. तिचे काम तोंडाला चव आणण्याचे, पोट भरण्याचे नव्हे. डावीकडचा हा पदार्थ ताटाच्या मधोमध आणायचा तर त्यात धान्य हवे, कडधान्य हवे आणि दाताखाली येईल असे काहीतरी हवे. मी शाळूची अख्खी ज्वारी, मोड आलेली मटकी, काकडी, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे आणि आपल्या जिल्ह्याचे बेदाणे घेतले. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि साधारण चार किलो द्राक्षे वाळली की एक किलो बेदाणा हाती येतो. तेव्हा मूठभर बेदाणे घालताना हात आखडला तरी हरकत नाही.

माझा कागद तासगावकडच्या एका महाविद्यालयीन मुलाच्या वाट्याला आला. दुसऱ्या दिवशी त्याने नीटनेटकेपणाने सगळे मांडले, कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या आणि झाकण उघडून एक दाणा तोंडात टाकला. तो दाणा चावताना झालेला आवाज मला दुसऱ्या रांगेत ऐकू आला. प्रश्न विचारायला बंदी होती, तरी त्याला राहवले नाही.

"काकू, ह्यात शाळू भिजवायचा कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिले नव्हते. अख्खा शाळू रात्रभर भिजवावा लागतो हे मला इतके अंगवळणी पडले होते की ते सांगण्याची गोष्ट आहे असे कधी वाटलेच नाही. लिहिले असते तर त्याने आदल्या रात्री तो भिजवला असता, कारण डबा त्याच्याच घरी होता. पुढे "मीठ चवीनुसार", "पनीर लालसर होईपर्यंत", "थोडे तेल" अशी माझी वाक्ये एकामागून एक अडत गेली आणि प्रत्येक ठिकाणी तो क्षणभर थांबून कागदाकडे पाहत राहिला. उलट त्याचा माझ्याकडे आलेला कागद साध्या अंडाबुर्जीचा होता, पण त्यात कांदा ग्रॅममध्ये दिला होता आणि "मंद आचेवर चार मिनिटे, कडा पारदर्शक होईपर्यंत" असे लिहिले होते. माझी बुर्जी पहिल्याच खेपेस त्याच्या घरच्यासारखी झाली, असे तोच म्हणाला.

परिषदेच्या शुल्काची वसुली माझ्यापुरती तेथेच झाली. घरी आल्यावर मी जुन्या पाककृती काढून त्यांतले "अंदाजे" आणि "चवीनुसार" हे शब्द मोजायला घेतले आणि तिसऱ्या पाककृतीनंतर मोजणे सोडून दिले.

ही पाककृती मी नंतर चार वेळा वजनकाट्यावर करून नव्याने लिहिली. दोन माणसांसाठी 100 ग्रॅम शाळू आठ ते दहा तास भिजवावा आणि तिप्पट पाण्यात, एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून पंचवीस मिनिटे शिजवावा. मग पाणी निथळून दाणे ताटात पसरावेत, नाहीतर स्वतःच्या वाफेने ते चिकट होतात. मोड आलेली मटकी 80 ग्रॅम घेऊन सहा-सात मिनिटे वाफवावी. तिचा दाणा अख्खा राहायला हवा. काकडी 150 ग्रॅम, एक मध्यम टोमॅटो, 40 ग्रॅम शेंगदाणे आणि 30 ग्रॅम बेदाणे.

वरच्या रसासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही, कारण फेसलेली मोहरी आपल्याकडे पूर्वापार आहे. एक लहान चमचा मोहरीची डाळ दोन मोठे चमचे पाण्यात फेसून दहा मिनिटे तशीच ठेवावी. मोहरीचा झणका पाण्याशी संयोग झाल्यावर तयार होतो आणि लिंबू आधीच पिळले तर तो नीट चढत नाही. त्यानंतर दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक लहान चमचा गूळ आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. शेवटी तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल धारेने सोडत घोटावे. मोहरीमुळे तेल आणि रस एकमेकांना धरून राहतात.

पनीरविषयी थोडे जास्त लिहावे लागेल, कारण नवखे लेखक सर्वाधिक चुका तेथेच करतात. मोझरेला तापले की वितळते, म्हणून पनीरही किसून वर घातले की वितळेल, अशी समजूत दिसते. पनीर लिंबाच्या आंबटपणाने दूध फाडून केलेले असते. दुधातल्या प्रथिनांना जोडून ठेवणारे कॅल्शियम त्या आंबटपणात सुटून जाते आणि जी जाळी उरते ती तापल्यावर वितळण्याऐवजी अधिक घट्ट होते. तेव्हा पनीरला तवाच दाखवायचा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषानुसार पनीरमध्ये 60 टक्क्यांपर्यंत पाणी चालते. तेवढे पाणी असताना तुकडे थेट तव्यावर टाकले तर आधी तडतड होते आणि मग ते नुसते शिजतात. 200 ग्रॅम पनीरचे दीड सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून स्वच्छ फडक्यात दहा मिनिटे दाबून ठेवावेत आणि बिडाच्या तव्यावर एक मोठा चमचा तेलात, न हलवता, प्रत्येक बाजूला दोन ते अडीच मिनिटे ठेवावेत. तुकडा आपणहून तवा सोडतो तेव्हा उलटायचा. पनीर घरी करायचे तर एक लिटर म्हशीच्या दुधातून साधारण 200 ग्रॅम मिळते आणि खाली राहिलेल्या पाण्यात थालीपिठाचे पीठ मळता येते.

एका वक्त्याने मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या पनीरला "देशी फेटा" म्हटले, ते मला पटले नाही. फेटा हे ग्रीसचे, मेंढीच्या दुधाचे किंवा त्यात जास्तीत जास्त 30 टक्के बकरीचे दूध मिसळून केलेले चीज असून 2002 पासून युरोपात त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे फेटा डोक्याला बांधतात. मिठातल्या पनीरला खारवलेले पनीर म्हटल्याने त्याची चव कमी होत नाही.

छायाचित्रांच्या सत्रात माझी फजिती वेगळी झाली. मी सॅलड स्टीलच्या चकचकीत ताटात वाढले होते आणि छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा ताटाच्या काठावर माझी पिवळी साडी आणि हातातला मोबाइल स्पष्ट दिसत होता. शिवाय रस आधीच कालवल्यामुळे रांगेत अर्धा तास थांबेपर्यंत काकडीला पाणी सुटून पनीर तरंगू लागले होते. आता मी मातीच्या किंवा खरखरीत पृष्ठभागाच्या ताटलीत वाढते, खोलीतले दिवे बंद करून खिडकीचा उजेड एका बाजूने घेते आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करते. रस मात्र छायाचित्र झाल्यावरच घालते.

निघताना प्रत्येकाच्या हाती नमुन्याच्या बाटल्यांची पिशवी पडते, तिच्याविषयी नवख्यांनी सावध राहावे. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच असतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार असा संबंध वाचकाला सहज दिसेल अशा जागी आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगावा लागतो. म्हणजे मराठी पाककृतीच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत तो उरकता येत नाही. "मधुमेहींना उत्तम", "वजन घटवणारे" असली विशेषणेही मी सोडून दिली आहेत. ज्वारीबद्दल ती लिहिण्याचा मोह फार होतो, पण ते सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा.

महिनाभराने त्या मुलाने नव्या कागदावरून घरी केलेल्या सॅलडचे छायाचित्र पाठवले. दाणे मोकळे दिसत होते, पनीरला हवा तसा रंग आला होता आणि बेदाणे त्यांच्याच शेडवरचे होते. खाली त्याने लिहिले होते, "काकू, सगळं जमलं. आजीनं पूर्ण खाल्लं आणि मग विचारलं, आता भाकरी वाढ की रे."

तेव्हापासून पाककृतीच्या साहित्यात शेवटची ओळ अशी आहे: भाकरी, माणशी अर्धी.