डाउन सिंड्रोमवरील संशोधनात नव्याने आलेल्यांना आधार कसा द्यावा

नवी मुंबईतील प्रयोगशाळेत डाउन सिंड्रोमवर काम सुरू करणाऱ्या तरुण संशोधकाला पहिल्याच आठवड्यात विषय ठरवायला लावू नये. आधी त्याला डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशीतील 46 ऐवजी 47 गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजू द्यावीत.

त्यानंतर, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, त्याला कुटुंबांशी बोलायला शिकवावे. संमतिपत्र मराठीत असावे आणि मार्गदर्शकाने शेजारी बसून ते कसे वाचून दाखवायचे हे समजावावे: आईच्या मांडीवरचे मूल चुळबुळ करू लागले तर वाचन थांबवावे, रक्त किती घेणार या प्रश्नाला चमच्याच्या मापात उत्तर द्यावे आणि नकार आला तर तो आभार मानून स्वीकारावा.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, धोका अधिक असल्याने खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकांशी त्याची ओळख करून द्यावी. फेलोशिप रखडली, तर खोलीभाड्याची चौकशी आपणहून करावी.

शोधनिबंधावरील नावांचा क्रम मात्र सुरुवातीलाच लेखी ठरवावा. अतिरिक्त गुणसूत्राचा शोध जाहीर करणाऱ्या 1959 च्या निबंधात, ज्यांनी पेशीसंवर्धनाचे (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे) तंत्र उभे केले त्या मार्थ गोतिए यांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आणि तेही चुकीचे छापले गेले होते.