सहा चिंचोक्यांतून अक्षरओळख
बालवाडीतील डोळस मुले पाटीवर 'अ' गिरवत असताना दृष्टिहीन मुलाला नुसते ऐकत बसवू नये. त्याच्यासमोर सहा अंडी मावणारा ट्रे ठेवून दोन उभ्या ओळींतील तीन-तीन खण त्याला बोटांनी चाचपू द्यावेत आणि मग डावीकडचे वरून खाली 1, 2, 3 व उजवीकडचे 4, 5, 6 असे क्रमांक सांगावेत. पहिल्या खणात चिंचोका ठेवला की ब्रेलमधील, म्हणजे उठावाच्या सहा बिंदूंच्या स्पर्शलिपीतील, 'अ' होतो. 1 आणि 3 मध्ये ठेवले की 'क'. 'कि' शिकवताना मात्र सावध राहावे, कारण छापील लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी येते, तर भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) ती 'क'नंतर, 2 आणि 4 या बिंदूंनी, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने येते.

मुलाचा हात धरून ओढू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे हात काढून घेण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते. गोष्टीत आंबा आला तर खराच आंबा द्यावा, प्लॅस्टिकच्या आंब्याला वास नसतो. अंशतः दिसणाऱ्या मुलासाठी अक्षरे मोठी व ठळक काढावीत आणि त्याला खिडकीकडे पाठ करून बसवावे.